दम खाणारं पाणी

समुद्र काही कुणाचा नोकर नव्हे. पण भरती संपून ओहोटी लागायच्या आधी तोही जरा दम खातो, एवढं खरं. तेवढ्या वेळात पाणी हलत नाही. पाणी हलत नाही म्हणून सामुद्रधुनीच्या तळाशी बसवलेली विद्यापीठाची वीजचक्कीही हलत नाही. निदान हलू नये.

संशोधक बाईंचा यावर इतका विश्वास, की दम खाणाऱ्या पाण्यातले आकडे संगणकाने आपोआप गाळावेत, अशी सोय त्यांनीच केली होती. शून्यं साठवून काय माडी बांधायची? त्यांच्या पाठीमागे सगळा विभाग त्यांना 'खुंटा' म्हणे. तो हलवून बघायची हिंमत मात्र कुणाला झाली नव्हती.

चाळीस नव्या चक्क्यांचा अहवाल लिहायची वेळ आली, तेव्हा बाईंनी ती चाळणी सहज काढून पाहिली. पडद्यावर शून्यं नव्हतीच. थांबलेल्या पाण्यात चक्की फिरत होती. रोज. सावकाश, एका लयीत, जात्यावर बसल्यासारखी.

विभागप्रमुख सरांनी पाहिलं आणि चष्मा पुसला. "यंत्राची चूक. गाळा आणि सही करा."

"चुकीवर दिवे लागत नाहीत, सर. वस्तीत लागतायत."

"मग दुधात साखर! फुकटची वीज."

"फुकट फिरवतंय कोण, तेवढंच विचारते."

"बाई, तुम्ही ना…"

"खुंटा. ठाऊक आहे मला."

काठावरच्या वस्तीत दारोदार हिंडून चक्कीला होकार मिळवला होता तो बाईंनीच. काही वावगं दिसलं तर माझ्या हाताने बंद करीन, असा शब्द दिला होता. आता सही केली, की तो शब्द बुडाला.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी त्या दिराच्या बोटीत बसल्या.

"वहिनी, सरांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं."

"अवघड आहे तुमचं."

"भावोजी, तुमच्या दादांनी मला तीस वर्षं सोसलंय. तुम्ही एक दुपार सोसा. नांगर टाका."

पाणी तेलासारखं सपाट झालं. वारा पडला. बाईंनी चक्कीचा ब्रेक लावला. वेगाचा काटा तसूभर उतरला नाही. मग दिराने चक्की वर ओढायला बोटीवरची यारी सुरू केली. तार ताणली, यारी कण्हली, बोट एका अंगावर कलली. एखाद्या पोराच्या हातून खेळणं ओढून घ्यावं, तशी खालून ओढ येत होती.

आणि एकाएकी ती सुटली.

चक्की निथळत वर आली. लोखंड पाण्यात राहिलं की त्यावर शिंपले चढतातच. आसावर, खांबावर ते खच्चून चढले होते. पात्यांच्या कडांवर मात्र एकही नव्हता. कडा लख्ख होत्या, झिजून गोल झालेल्या. जुन्या जिन्याचा कठडा हात लागून लागून होतो, तशा.

फोन वाजला. सर.

"वीज का गेली? ताबडतोब खाली सोडा ते!"

"नाही."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. सही होणार नाही आणि चक्की खाली जाणार नाही."

फोन खिशात टाकून बाई कडेवरून वाकल्या आणि पाण्याला म्हणाल्या, "तुम्हालाही तेच उत्तर."

दीर हसला नाही.



"भावोजी, बोट कशाला वळवताय?"

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. इंजिन बंद होतं. नांगराची साखळी करकरत स्वतःभोवती पीळ घेत होती.

"वहिनी, सोडू का ती चक्की खाली?"

"खबरदार!" बाईंनी कठडा घट्ट धरला.

काठावरची वस्ती हळूहळू डावीकडे सरकली, दिसेनाशी झाली आणि उजवीकडून परत आली.

दुसरा फेरा जरा वेगात होता.