उत्तराची दाद

मयूर विहारमधल्या प्रभामावशीकडे त्या रविवारी गाण्याची बैठक होती, आणि उत्तरा तिथे गेली ती मटारच्या करंज्यांसाठी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाण्याचं आणि तिचं कधी जमलंच नव्हतं. सूर चढला-उतरला की कळायचं, पण आत काही हलायचं नाही. लहानपणी सगळं घर डोळे मिटून डोलायचं, आणि ही पोर भिंतीवरची पाल बघत बसायची. डॉक्टर मैत्रिणीने एकदा समजावलं होतं, "असतात गं अशी माणसं. चित्र बघून रडतील, पण गाणं पोचतच नाही. आजार नाही तो." उत्तराने हे कुणालाच सांगितलं नाही. मराठी घरात एक वेळ देव मानत नाही म्हटलेलं चालतं, गाणं आवडत नाही म्हणायची सोय नाही.

उशिरा गेल्यामुळे जागा मिळाली ती थेट गाणाऱ्यासमोर. आर. के. पुरमचा सुधन्वा — दिवसभर सरकारी कचेरीत फायली, संध्याकाळी तानपुरा. बाहेर जानेवारीचा बारीक पाऊस होता, खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला गंमत कळली. गाण्यातली एखादी सुंदर जागा येण्याआधी त्याची भुवई किंचित उचलली जायची, श्वास थांबायचा, आणि ते बघून तिला आधीच हसू यायचं... मग श्वास सुटला की त्याचा चेहरा असा उजळायचा, की तिच्या तोंडून आपोआप "वाह" निघायचं. दर वेळी, बरोब्बर जागेवर.

करंज्यांच्या ताटाशी त्याने तिला गाठलंच.

"तुम्ही गाणं शिकलात?"

"छे."

"मग ती जागा कशी कळली? इकडे कोणालाच कळत नाही, यार. मी घ्यायच्या आधीच तुम्ही हसलात."

"चुकून हसले असेन."

"बिल्कुल नाही. इतक्या वेळा कोणी चुकून हसत नाही."

"मोजत होतात? मला वाटलं, गात होतात."

तो हसला... आणि उत्तराच्या आत, जिथे कुठलाच राग कधी पोचला नव्हता, तिथे काहीतरी हललं.

पुढे मेट्रोत, बागेत, स्कूटरवर हेल्मेटमधूनही तो गुणगुणायचा. ती त्याचा चेहरा बघायची आणि दाद द्यायची. ते खोटं नव्हतं, पण त्याला वाटत होतं ते खरंही नव्हतं. म्हणून जेव्हा त्याने लग्नाचं विचारलं — "मला खरं ऐकणारी तू एकटीच आहेस" — तेव्हा तिला राहवेना.

"सुधन्वा, मला गाणं भिडत नाही. कुणाचंच... तुझंही."

"मस्करी नको ना."

"मी तुझा चेहरा बघते. तुला जे होतं, ते मला तिथे दिसतं. माझी दाद त्याला असते."

तो म्हणाला, "अच्छा. म्हणजे मी गाणारा नसतो, तरी चाललं असतं तुला?"

"हो," ती म्हणाली. तिच्या मते प्रेमात याहून मोठं काही बोलताच येत नव्हतं. त्याचा चेहरा मात्र उतरला.

तो निघून गेला नाही. चांगला माणूस होता, तीच पंचाईत झाली. एक इअरफोन तिच्या कानात, एक स्वतःच्या — "हे ऐक. आणि हे?" ती मन लावून ऐकायची आणि मान हलवायची, नाही म्हणून. पुढच्या बैठकीत सुंदर जागा आली तेव्हा त्याने आधी तिच्याकडे बघितलं, भीत भीत. भुवई उचललीच गेली नाही. मग त्याचा घसा वरचेवर बसू लागला. स्कूटरवर तो गप्प असायचा. त्याचं गाणं सुटत चाललं होतं; त्याच्या घरच्यांनीही टिपलं नव्हतं, ते उत्तराच्याच लक्षात आलं.

"मी गाईन परत," तो म्हणाला.

"माझ्यासमोर नाही गाता येणार तुला. आणि गाणं गेलं, तर तुझ्या चेहऱ्यावरचं मला हवं ते सगळं जाईल." ती म्हणाली. "ज्याला कळतं त्याच्यासमोर गा, सुधन्वा. मला सोड."

त्याने थोडा वाद घातला. फार नाही... तेच तिच्या जिव्हारी लागलं.

वर्षभराने मावशीचा फोन आला. "काय गायला गं काल सुधन्वा! सगळे रडले. रेकॉर्डिंग पाठवलंय बघ."

उत्तराने दार बंद केलं आणि रेकॉर्डिंग लावलं. आवाज त्याचाच होता. चढत होता, उतरत होता, मागे लोक वाह वाह करत होते. त्याची भुवई आता उचलली गेली असेल, असं तिने डोळ्यांपुढे आणून पाहिलं, पण चेहरा नीट आठवेना. तिच्या जागी दुसरी कुणी असती, तर तिला त्याचं गाणं तरी उरलं असतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिला काहीच झालं नाही.