पुढे चाललेली देवयानी

हे देवयानीने स्वतः सांगितलेलं आहे, आणि ती दरवेळी तेच सांगते. पोलिसांना सांगितलं, आईवडिलांना सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

तारीख १० नोव्हेंबर २०२४. रविवार. जागा एडिनबरामधली आर्थर्स सीट, म्हणजे शहराच्या मधोमध उभी असलेली उंच टेकडी.

रात्र नव्हती. दुपारचे बारा वाजत आले होते, आणि सकाळपासून माणसं टेकडी चढत-उतरत होती.

देवयानी पुण्याची, वरदा नागपूरची. सप्टेंबरमध्ये दोघी लीड्सला मास्टर्ससाठी आल्या आणि एका फ्लॅटमध्ये राहू लागल्या. दोन महिन्यांत लेक्चर, लायब्ररी आणि सुपरमार्केट यापलीकडे त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

"एक वीकेंड तरी माणसासारखा घालवू," वरदा म्हणाली आणि तिनेच ट्रेन बुक केली.

शनिवारी किल्ला बघून झाला. दगडी रस्त्यांवरून हिंडून पाय दुखले. रविवारी लीड्सला परतायच्या आधी टेकडी करायची, हाही वरदाचाच हट्ट.

वरदाच्या फोनची बॅटरी संपत आली होती. तिने तो पॉवर बँकला लावून देवयानीच्या बॅगेत टाकला.

अर्ध्या चढावर धुकं आलं.

समुद्राकडून आलं, आणि इतक्या झपाट्याने की शहर पुसलंच गेलं. वरदा दहाएक पावलं पुढे होती. तिचं लाल जॅकेट आधी फिकं झालं. मग दिसेनासं झालं.

तिच्या बुटांचा आवाज मात्र येत होता. खडीवर... करकर... करकर...

देवयानीला दम लागला होता. ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात वरून वरदाचा आवाज आला. हसरा, धापा टाकणारा.

"अगं देवयानी, किती भरभर चालतेस. थांब जरा."

देवयानीला वाटलं, चेष्टा करतेय.

"मी मागे आहे, वरदा," ती म्हणाली.



पुन्हा खडी वाजली. या वेळी देवयानीने नीट ऐकलं...

पावलं दोन जणांची होती.

"आता हात दे ना," वरदा कुणाला तरी म्हणाली. "इथे घसरतंय."

आणि कुणीतरी तिला हात दिला असावा. कारण वरदा म्हणाली, "बाप रे, किती गार पडलेत तुझे हात."

देवयानी ओरडत धावली. दोनदा पडली. गुडघा फुटला. आवाज तेवढाच लांब राहिला, जवळ आला नाही आणि दूरही गेला नाही.

मग थांबला.

पावलं नाहीत. वारा नाही. खाली रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा नाही.

वीस मिनिटांनी धुकं विरलं. माथ्यावर सात-आठ जण फोटो काढत होते. वरदा त्यांच्यात नव्हती.

पोलीस आले. कुत्री आली. दोन दिवस हेलिकॉप्टर फिरलं. कड्याखाली काही सापडलं नाही. जॅकेटचा दोराही नाही.

एका म्हाताऱ्या जोडप्याने मात्र दोन मुली पाहिल्या होत्या. हातात हात घालून वर जाताना. एक लाल जॅकेटमधली. दुसरीने पिवळी लोकरी टोपी घातली होती.

पिवळी टोपी देवयानीची होती. त्या क्षणीही तिच्या डोक्यावर होती.

"तर तू तिच्यासोबत होतीस," समोर बसलेली पोलीस ऑफिसर शांतपणे म्हणाली.

तो प्रश्न नव्हता.

वरदाच्या आईला, नीनाकाकूंना, देवयानीनेच फोन केला. नागपूरला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. सगळं ऐकून काकू गोंधळून म्हणाल्या, "असं कसं म्हणतेस गं? तिचा फोन येऊन गेला की. सहा वाजता, आपल्या लँडलाइनवर. टेकडी चढतोय म्हणाली."

नागपूरचे सहा, म्हणजे तिकडचे साडेबारा. वरदाचा फोन तेव्हा देवयानीच्या बॅगेत होता.

"आणि तू होतीस ना बाजूला," काकू म्हणाल्या. "तुझं बोलणं ऐकू येत होतं मला."

पुढच्या रविवारी सहाला पुन्हा फोन आला. त्याच्या पुढच्याही. पोलिसांनी टेलिफोन कंपनीकडून माहिती मागवली. त्या वेळी त्या नंबरवर एकही कॉल आलेला नव्हता.

काकूंना त्याचं काही नव्हतं. मुलगी बोलते आहे, म्हणजे आहे. फक्त दरवेळी त्या देवयानीला मेसेज करायच्या. तिला घरी आण आता. कुठे घेऊन फिरते आहेस?

फेब्रुवारीत देवयानीने कोर्स सोडला. भारतात उतरली ती थेट नागपूरला गेली, रविवारीच. काकूंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग त्या फोनपाशी जाऊन बसल्या.

सहा वाजता फोन वाजला.

"हो गं राणी," काकू म्हणाल्या. "जेवलीस का? स्वेटर घातलास ना?"

मग त्यांनी रिसीव्हर देवयानीच्या कानाला लावला.

आधी नुसता वारा होता. मग खडी... करकर... करकर...

आणि अगदी जवळून, शांतपणे, देवयानीचाच आवाज आला.

"काकू, काळजी करू नका. मी आहे तिच्यासोबत."

त्याच्या मागे, लांबून, वरदा. दमून गेलेली, रडवेली.

"अजून किती चढायचंय गं? माझे पाय चालत नाहीत आता."

तीन महिने झाले होते.

"वरदा," देवयानी किंचाळली. "ती मी नाही. मी इथे आहे, तुझ्या घरी. जाऊ नकोस तिच्याबरोबर."

खडीचा आवाज थांबला.

"कोण बोलतंय?" वरदाने विचारलं.

"कुणी नाही," देवयानीचा आवाज म्हणाला. "चल."

फोन कट झाला.

त्यानंतर तो कधीच वाजला नाही. काकू दर रविवारी पाच वाजल्यापासून फोनपाशी बसतात. देवयानीशी त्या आता बोलत नाहीत. शेवटचं एवढंच म्हणाल्या होत्या, "तू कशाला बोललीस?"

देवयानी पुण्यात आहे. नोकरी करते. चढावर पुढे चालणाऱ्या माणसाकडे ती बघत नाही.

कुणी विचारलं तर ती हे सगळं सांगते, आणि शेवटी एकच गोष्ट पुन्हा सांगते.

वरदा थांबली होती. क्षणभर का होईना, तिने ऐकलं होतं.

आणि मग तिचा हात धरून कुणीतरी तिला पुढे नेलं.