सात नंबर नाई म्हनते

भुताचं इचारता तं सांगतो. पन भुताचं भेव नाई, मले मानसाचीच किळस येते यात. माह्या बहिनीचा पोरगा कुलदीप, अकोल्याचा, कॉम्प्युटरचा इंजिनिअर. त्यानं सोता सांगितलेलं आहे.

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. रात्रीचे साडेआठ. कुलदीप अमरावतीच्या एका दवाखान्यात गेलता. तिथं खाटेजवळच्या घंट्या एका मशीनले जोडल्या होत्या. मशीन त्यानंच बनवलेलं. बॅटरी वाचवाले ते मधूनमधून झोपे, घंटी दाबली का जागं होये. आधी लहान भाग झोपतात, मंग मोठे. घरात लेकरं आधी अन् माय मागून, तसं. पन एकानं बी झोपाले ‘नाई’ म्हटलं, का सारं मशीन जागं राहते.

सात नंबरची घंटी नाईच म्हने. बॅटरी उतरे, कंपनीचा मालक कुलदीपवर ओरडे. तं या शहान्यानं दोष शोधला नाई. प्रोग्रामात एक ओळ लिहून देली: सात नंबर काईबी म्हनो, झोपली समजाचं. घान न काढता वरून सतरंजी टाकली!

त्याच हप्त्यात सोमवारी रातच्याले सातव्या खाटेवरची चतुराबाई, वलगावची म्हातारी, दम कोंडून गेली. घंटी दाबली असन तिनं... पन त्या ओळीपायी मशीननं आयकलंच नाई, झोपलेलंच राह्यलं. आळ आला नर्स भावनावर. “नर्सबाई झोपली असन,” म्हने लोकं. शुक्रवारी चौकशी, नोकरी जानारच होती तिची. अन् कुलदीप गप. थू! वरून गुरुवारी गेला कशाले, तं आपली ओळ पुसाले.

पुसली. मंग मशीन झोपवून पाह्यलं.

पडद्यावर आलं: सात नंबर, नाई.

त्यानं सात नंबरची वायर उपटली. घंटी खिशात घातली. पुन्हा झोपवलं.

सात नंबर, नाई.

आता तिथं घंटीच नोती. तरी...

रिकामी खाट करकरली. कोनीतरी दम घेऊन राहिलं होतं. अडकत... अडकत.

“कोन... भावनाबाई?”

पडद्यावर आलं: नाई.

तो पळाला. सकाळी चौकशीत सारं ओकला. भावनाची नोकरी राह्यली.

मी त्याले इचारलं, “चार दिवस काहून नाई बोलला बे?”

“मामा, माही नोकरी गेली असती.”

“अन् त्या पोरीची गेली तं चालली असती?”

आमच्या वऱ्हाडात रीत आहे, आमी मामा लोकं भाच्याच्या पाया पडतो. त्या दिवसापासून मी याच्या पाया पडनं सोडलं. खरं बोलला ते बी भेवानं, लाजेनं नाई.

पन एक सांगतो. मागच्या दिवाळीले तो आला. फोटो पाहाले मी माहा मोबाईल त्याच्या हातात देला. अर्ध्या मिनिटात पडदा विझते ना? नाई विझला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्यानं बटन दाबलं... तरी नाई.

खाली ठेवला. लगेच विझला.

“मामा, कोनाचाबी असो,” तो म्हने, “माह्या हातात झोपतच नाई.”

मी मोबाईल उचलला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. दोनदा.