मावशीचं पित्ताशय

"मावशी, खरं सांगा, काही खाऊन आलात ना?"

"छे गं बाई! कडकडीत उपाशी आहे."

पण सोनोग्राफीच्या पडद्यावर पित्ताशय सुकल्या मनुक्यासारखं आकसून बसलेलं! मी समजावलं, "यकृतातलं पित्त या पिशवीत साठतं. खाल्लं, की पिशवी आकसून ते नळीतून आतड्यात सोडते. रिकाम्या पिशवीत मी खडे कसे शोधू?"

"कपभर दूध घेतलं फक्त... सायीचं. त्याला काय खाणं म्हणतात?"

दारातला भाचा खो-खो हसला. लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणे. नखांत ग्रीस, आणि डोळे... जाऊ दे! "डॉक्टर, उद्या मी पहारा देतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पित्ताशय छान भरलेलं होतं.

"मावशी, श्वास घ्या... रोखा."

मावशींनी रोखला. भाच्यानेही! लालबुंद झाला होता.

"अहो, तुम्ही सोडा!"

"तुम्ही इतकं गोड सांगितलंत, की—"

मी घाईघाईने पडद्याकडे वळले. पांढरा ठिपका, मागे काळी सावली. मावशींना डाव्या कुशीवर वळवलं, तसा ठिपका घरंगळला. खडाच.

"पिशवी काढावी लागेल, सर्जन सांगतीलच. पण नळी मोकळी आहे, घाबरू नका. पिशवी नसली तरी पित्त थेट आतड्यात उतरतं."

रिपोर्ट भाच्याच्या हातात दिला. आता हा कशाला येतोय इथे? 'पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा' — अगदी ओठांवर आलं होतं. पण दुखणाईत बाईला उगीच हेलपाटा?

"आता माझ्याकडे यायची गरज नाही," मी म्हणाले.

दोघं गेली. मी उगीचच टेबल पुसत राहिले. इतक्यात दार वाजलं. तोच!

"काही राहिलं का?"

"मावशीला बाकावर बसवून आलोय. डॉक्टर... ती येणार नाही, कळलं. पण मी यायचं म्हटलं, तर?"

"मीच बोलावणार होते तुम्हाला. खोटं कारण काढून. लाज वाटली."

"मग खरं कारण सांगा ना."

माझ्यात एवढी कशी धिटाई आली, देव जाणे!

"आवडता तुम्ही मला. झालं?"

"झालं..." तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून नुसता हसत राहिला.