रागावायचं काम घरच्यांचं

“कुणाला शिकवायचंय?”

गणिताच्या बाईंनी छत्री दाराशी टेकवत विचारलं आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. खरं तर या प्रश्नाचं उत्तर कधीच ठरलेलं होतं. सहावीतली धाकटी गणितात लागोपाठ आपटत होती आणि तिच्यासाठीच तर आईनं शिकवणीच्या शोधात सगळं शहर पालथं घातलं होतं! एक मास्तर फारच गोड बोलायचे, दुसऱ्यांनी एका खोलीत मुलं नुसती कोंबली होती, तिसऱ्यांनी तर मुलगी कितवीत आहे हे विचारायच्या आधी आगाऊ पैशांची गोष्ट काढली. शेवटी या बाई सापडल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक, आणि एका घरात एकाच मुलाला शिकवणाऱ्या. धाकटी सकाळपासून घट्ट वेणी घालून, सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून टेबलापाशी बसली होती. एरवी तिला वेणी घालायला बसवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यातला प्रकार, पण आज ती स्वतःहून बसली होती.

तिच्या शेजारी, बाई कशा आहेत ते बघायला म्हणून, मोठा उभा होता. दहावीतला, गणितात कधीच मागे न पडलेला. आईची नजर एका लेकरावरून दुसऱ्यावर गेली... आणि आदल्या दिवशीची दुपार तिच्या कानांत पुन्हा वाजू लागली.

आदल्या दिवशी मावशी येऊन गेल्या होत्या. मोठ्याच्या मावशी, त्याच्या जन्मदात्या आईच्या सख्ख्या बहीण. शिकवणीचं कळल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या होत्या, “बरंय. आपल्या पोरीला घरी बाई. दहावीत कोण आहे, हे बघायला त्याचं कोण बसलंय म्हणा!” एवढंच. मग त्या बिस्किटांची चौकशी करून निघून गेल्या, आणि ते वाक्य मात्र घरातच राहिलं.

“ह्याला,” आई म्हणाली. “मोठ्याला शिकवायचंय.”

मोठा काहीतरी बोलायला गेला, पण आईचा चेहरा बघून थांबला. धाकटीनं एकेक पेन्सिल उचलून डब्यात ठेवली, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली आणि ती आत गेली. ती रडली असती, आदळआपट केली असती, तर आईला सोसलं असतं. त्या न वाजलेल्या खुर्चीनंच तिच्या काळजाला घरं पाडली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरातल्या गोष्टी त्याला नेहमी एक मजला उशिरा कळायच्या. संध्याकाळी हात पुसत त्यानं विचारलं, की धाकटीसाठी ठरलं होतं ना? आईनं दहावीच्या वर्षाचं कारण सांगितलं. त्यानं मान डोलावली, कारण कारण चांगलंच होतं. खोटं होतं, पण चांगलं होतं...

ती या घरात आली तेव्हा मोठा तीन वर्षांचा होता. त्याची आई आजारात गेलेली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मावशींनी त्याचा चिमुकला हात तिच्या हातात दिला होता आणि सगळ्यांसमोर डोळे पुसत म्हटलं होतं, “ह्याला कधी रागावू नकोस हं. ह्याला आई नाही.” त्या क्षणी तिचं अंतःकरण असं काही हेलावलं, की तो शब्द तिनं आयुष्याच्या गाठीलाच बांधून टाकला. पुढं धाकटी झाली, पण त्या शब्दाला तिनं तडा जाऊ दिला नाही. धाकटीनं दूध सांडलं की तिच्यावर डाफरणारी तीच आई मोठ्यानं कपाटाचा आरसा फोडला तेव्हा खाली बसून मुकाट्यानं काचा वेचत होती. लोक म्हणायचे, सावत्र आई असावी तर अशी. आणि ते ऐकताना तिला बरं वाटायचं, फार बरं वाटायचं... तिची शरम पुढं इथूनच उगवायची होती.

बाईंनी पहिल्याच दिवशी आपली रीत सांगून टाकली होती. शिकवणीच्या वेळी घरातलं कुणीतरी मोठं माणूस समोर हजर पाहिजे. “शिकवायचं काम माझं. रागावायचं काम घरच्यांचं. त्याचे मी पैसे घेत नाही.” आईला तेव्हा हसू आलं होतं. मोठ्यासारख्या मुलाला रागावायची वेळ येणारच कशाला?

आली. दुसऱ्याच आठवड्यात आली. बाईंनी गृहपाठ मागितला आणि मोठ्यानं कोरं पान पुढं केलं. सबब नाही, काही नाही, नुसता आईकडे बघत उभा. बाईंनी पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि त्याही आईकडे बघू लागल्या. दमला असेल हो, राहू दे आजच्या दिवस, असं काहीतरी ती पुटपुटली. मोठ्यानं मान खाली घातली. त्याला लाज वाटली असेल, असं तिला वाटलं. ती लाज नव्हती, हे तिला फार उशिरा कळलं.

पुढच्या वेळीही पान कोरंच. त्याच्या पुढच्याही. बाई दर वेळी हाताची घडी घालून थांबायच्या आणि दर वेळी आई खालच्या मानेनं पोराची बाजू सावरून न्यायची. मग तिनं जे केलं, ते जगात दुसऱ्या कुठल्या आईनं केलं असेल असं वाटत नाही. रागावायला लागू नये म्हणून ती त्याचा गृहपाठ स्वतःच करू लागली!

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या कानामागं काडी टोचते का बघायची, नाकावरून घसरणारी फ्रेम गरम करून वाकवायची, कुणाला कुठला चष्मा शोभेल ते न दुखावता सांगायची. शिकवणीचे पैसे निघावेत म्हणून ती आता रविवारीही उभी राहायची. तो रविवार आजवर धाकटीचा असे. त्या दिवशी ती तिचे केस धुवायची, तिच्या वटवटीला हुंकार द्यायची, मधेच पाढे विचारायची. म्हणजे धाकटीची शिकवणी तर गेलीच, वर रविवारही गेला. आणि त्या रविवारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, आई गल्ल्यामागं बसून मोठ्याची समीकरणं सोडवायची आणि त्याच्यासारखे तिरपे आकडे गिरवायची. शाळेत ती गणितात हुशार होती. इतक्या वर्षांनी ती हुशारी या कामी आली, या विचारानं तिला स्वतःचीच किळस यायची.

एकदा ती स्वयंपाकघरात तेच करत बसली असताना धाकटी आपली वही घेऊन आली. अपूर्णांक अडला होता. आईनं घाईनं हातानं पान झाकलं, आणि चोरी पकडली गेल्यावर माणूस चिडतं तशी चिडून म्हणाली, “तुझं तू कर ना! माझं डोकं नको खाऊस.”

धाकटीनं झाकलेल्या पानाकडं बघितलं. त्या तिरप्या आकड्यांवर आईचा हात होता.

“दादाचं तू करतेस,” ती म्हणाली. “माझं मी करायचं.”

ती शांतपणे निघून गेली. आईनं डोक्याला हात लावला. अशी लज्जा तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण बाई यायची वेळ झाली होती, आणि तिनं... तिनं ते गणित पूर्ण केलं.

त्या दिवशी नेमक्या मावशीही आल्या होत्या. भाच्याची शिकवणी बघायची म्हणून सोफ्यावर ऐसपैस बसल्या होत्या. बाईंनी गृहपाठ तपासला. सगळी उत्तरं बरोबर होती. मावशींनी अभिमानानं आईकडं बघितलं, आणि त्याच क्षणी मोठा म्हणाला,

“हे मी केलेलं नाही. आईनं केलंय. गेले कित्येक दिवस तीच करतेय.”

आईचे कान, गाल, मान, सगळं पेटून निघालं. समोर बाई, सोफ्यावर मावशी, आतल्या दारात धाकटी. कुणाकडं बघावं तेही तिला कळेना. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आईंचं गणित चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांना शिकवणीची गरज दिसत नाही. तुला आहे का रे?”

“नाही,” मोठा म्हणाला. “मला सगळं येतं. शिकवणी हिच्यासाठी होती.” त्यानं दारातल्या धाकटीकडं बोट केलं. मग तो आईकडं वळला, आणि दहावीतल्या त्या दांडग्या पोराचा आवाज लहान मुलासारखा कापायला लागला. “मला वाटलं, गृहपाठ केला नाही तर एकदा तरी तू मला रागावशील. बाईंनी सांगितलं होतं ना, घरच्यांनी रागावायचं. तू नाही रागावलीस. मी आरसा फोडला तेव्हा पण तू नुसतं विचारलंस, लागलं नाही ना? असं पाहुण्यांना विचारतात, आई. हिला तू चमचा पडला तरी रागावतेस... मला कधीच नाही. पाहुण्यांना कुणी रागावत नाही.”

बारा वर्षं! बारा वर्षं जिला आई माया समजून जपत आली, ती त्या लेकराच्या घशाखाली कधी उतरलीच नव्हती. तिनं त्याला सांभाळलं होतं लोकांसाठी, मावशींसाठी, आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. आणि या चांगल्या नावापायी पोटच्या पोरीला पेन्सिली गोळा करून आत जायला लावलं होतं. पश्चात्तापानं तिचं हृदय पिळवटून निघालं... आणि त्या पिळवटण्यातून तो आवाज आला, जो धाकटीला चांगला ओळखीचा होता.

“येतं तुला सगळं? आणि कोरं पान पुढं करतोस? मी रविवारी पाय तुटेपर्यंत उभी राहते ती कशासाठी? लाज नाही वाटत? तोंड नव्हतं का तुला, सरळ सांगायला? नीट उभा राहा, रागावतेय मी तुला! आणि ते बूट दारात असे पसरलेले असतात, रोज अडखळते मी. जेवताना पुस्तक घेऊन बसतोस, भाजी कसली आहे तेसुद्धा बघत नाहीस...”

“आणि ओला टॉवेल,” धाकटी दारातून म्हणाली.

“आणि ओला टॉवेल! गादीवर! किती वर्षं मुकाट उचलतेय मी तो, काय नोकर आहे तुझी?”

मावशी धडपडत उठल्या. “अगं, पुरे की आता...”

“बसा,” बाई म्हणाल्या. “घरचं काम चाललंय.”

मोठा मान खाली घालून उभा होता. त्याचे कान लालबुंद झाले होते, नाक वाहत होतं, आणि रडता रडता त्याच्या ओठांवर असं काही हसू आलं होतं, की ते बघून आईचे पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. तिनं त्याला जवळ ओढलं. तो तिच्यापेक्षा उंच झाला होता, हे तिला आत्ता पहिल्यांदा जाणवलं.

मावशी पदराशी चाळा करत खालच्या आवाजात म्हणाल्या, “आमची ताई असती तर याहून चार गोष्टी जास्त ऐकवल्या असत्या याला. मी त्या दिवशी, ह्याला रागावू नकोस म्हणून, दुःखात बोलून गेले गं. तू ते एवढं धरून बसशील असं वाटलं नव्हतं.” त्यांनी शिकवणीवरून मारलेला टोमणाही परत घेतला, तोंडातल्या तोंडात का होईना.

पण धाकटी दारात नव्हती. ती स्वयंपाकघरात मोरीपाशी पाठ करून उभी होती आणि नळ सोडून धुतलेलाच पेला पुन्हा धूत होती. आई तिच्यामागं जाऊन उभी राहिली. पोटच्या मुलीपुढं आईनं मान खाली घालायची वेळ यावी, याहून मोठी शिक्षा कुठली?

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुझी शिकवणी मी लोकांच्या भीतीनं दुसऱ्याला देऊन टाकली. तू माझीच आहेस, तू समजून घेशील, असं धरून चालले. आपल्याच माणसाला लुबाडलं मी.”

धाकटीनं नळ बंद केला. “मला वाटायचं, तुला दादाच आवडतो. म्हणून त्याला रागावत नाहीस.”

“आता तुलाही नाही रागावणार. कधीच नाही. शपथ.”

धाकटी गर्रकन वळली. तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती.

“नको गं,” ती म्हणाली. “मला पाहुणी नको करूस.”

आईनं तिला घट्ट पोटाशी धरलं. मग बाहेरून बाईंच्या खोकण्याचा आवाज आला. आईनं डोळे पुसले, धाकटीचं तोंड धुतलं आणि तिला पेन्सिली घ्यायला सांगितलं. टोकं मोडलीत सगळी, असं धाकटी हळूच म्हणाली.

“मोडली? सगळी?” आईचा आवाज चढला. “डबा आपटला असशील रागानं! जरा म्हणून जपून वापरायला नको कुठली वस्तू. आण इकडं, मी काढून देते.”

धाकटी ओरडा खात, गालातल्या गालात हसत डबा घेऊन आली. बाहेरच्या खोलीत बाई अजून थांबलेल्या होत्या. मोठ्यानं टेबलापाशी आपल्या जागी तिची खुर्ची मांडून ठेवली होती आणि तो स्वतः गॅलरीत टॉवेल वाळत घालत होता.