खाडीवरून गेलेल्या गाड्या

आपल्या ऑफिसात सोनल केणींनी लॅपटॉप उघडून उत्तराताईंसमोर सरकवला. "ही काल सकाळची गाडी. कुठून गेली बघा."

नकाशावरची निळी रेघ कल्याणच्या रेतीबंदरावरून निघून डोंबिवलीच्या मोठागावापर्यंत आली होती. सर्वेशने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ रस्त्यावर नव्हतीच. ती खाडीच्या मधोमध होती आणि पाणी वळेल तशी वळत होती.

"तिथे पूल आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. आणि एकच गाडी नाही, वीसेक आहेत. सगळ्या अशाच पाण्यावरून येतात."

सोनल एका कॅब कंपनीच्या डोंबिवलीतल्या मॅनेजर. कंपनीची योजना साधी होती. सकाळी सहा ते दहा या वेळात ठरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्या की ड्रायव्हरला बोनस. दिवाळीपासून डोंबिवली पश्चिमेच्या स्टँडवरच्या ड्रायव्हरांना तो धडाधड मिळू लागला होता.

"खोटं लोकेशन दाखवणारं ॲप असेल," सर्वेश म्हणाला. पूर्वी तो विम्याच्या कंपनीत पंचनामे करायचा. आता खासगी तपास करणाऱ्या उत्तराताईंच्या हाताखाली त्याला चार वर्षं झाली होती, तरी पहिलं सुचेल ते बोलून टाकायची खोड गेली नव्हती.

"ते आमची सिस्टीम लगेच पकडते. हे फोन खरोखर हलतायत. हेड ऑफिस म्हणतं, सोमवारी सगळ्यांच्या आयडी कायमच्या बंद करा. वीस घरं आहेत हो. आधी मला कळू दे, हे होतं कसं."

"गाड्या उलट्या कधी जातात?" उत्तराताईंनी विचारलं.

"कधीच नाही. कायम कल्याणहून डोंबिवलीकडे. वेग बैलगाडीचा, त्यामुळे सिस्टीमला वाटतं ट्रॅफिक आहे. आणि रोज नसतं हे. एक दिवस सहाला सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सातच्या आसपास, मग आणखी उशिरा. मग आठवडाभर काही नाही. मग पुन्हा सहा."

उत्तराताईंनी डोळे मिटले. काही सापडलं की ही त्यांची सवय.

"ड्रायव्हरांच्या तक्रारी कोण बघतं?"

"करिश्मा. हुशार पोरगी, पण अजून आली नाही. आठवडाभर अगदी वेळेवर येते आणि मग रोज थोडी थोडी उशिरा. मी बोलून थकले."

तेवढ्यात करिश्मा आलीच. पंचविशीतली, सावळी, शांत. उत्तराताईंनी विचारलं तेवढ्याचीच तिने उत्तरं दिली. "फेक लोकेशन चालत नाही, हे ड्रायव्हरांना मीच सांगते, मॅडम. ते करणार नाहीत."

"मग ही रेघ?"

"ते सिस्टीमला विचारा."

स्टँडवर पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. सोनलच्या मोबाइलवर समोरच्या पाचही गाड्या नुकत्याच सकाळच्या फेऱ्या संपवून आलेल्या दिसत होत्या. सर्वेशने एकीच्या बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. काचेवर दव तसंच होतं आणि आत ड्रायव्हर तोंडावर रुमाल टाकून झोपला होता.

त्याला जागं केलं. राघो भोईर, मूळचा रेतीबंदरचा. डावा हात कोपरापासून वाकडा.

"मानपाड्याला डिव्हायडरवर घातली गाडी," तो म्हणाला. "गेल्या साली. बोनससाठी रात्रभर चालवत होतो, सकाळी डोळाच लागला. नशीब मागं कोन नव्हतं."

"आता सकाळी झोपून बोनस कसा मिळतो?"

राघोने नजर चुकवली. "मला काय म्हाईत? माझी पोरगी तुमच्याच ऑफिसात हाय. करिश्मा. तिला विचारा."

कोपऱ्यावर ह्युबर्टचं मोबाइलचं दुकान होतं. तो वसईकडचा, बोलका. "जुने फोन? सगळे गेले. या स्टँडवाल्यांनीच नेले. आणि गंमत सांगू? पाणी न शिरणारी प्लॅस्टिकची पाकिटं असतात ना, ती राघो दोन डझन घेऊन गेला. पाऊस संपल्यावर."

"गिऱ्हाइकांना भेट देत असेल," सर्वेश म्हणाला.

उत्तराताईंचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं. "ह्युबर्ट, आज षष्ठी ना? सर्वेश, सोनलताईंना सांग, उद्या सकाळी मोठागावच्या धक्क्यावर या. राघोभाऊ आणि ह्युबर्टलाही घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गार वारा होता. खाडी हळूहळू समुद्राकडे उतरत होती. चौघं उत्तराताईंभोवती उभे राहिले.

"लबाडी करणारा माणूस नकाशावर रस्ता काढतो," त्या म्हणाल्या. "खोटीच रेघ काढायची तर पाण्यावरून कोण काढेल? म्हणजे फोन खरोखर पाण्यावर होते. म्हणून ती पाकिटं."

"होडी," सर्वेश म्हणाला. आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडत होता. "पण इंजिनाच्या होडीचा वेग बैलगाडीचा का?"

"इंजिन नाहीच. वल्हीही नाहीत. वेळ रोज थोडी पुढे सरकते, दिशा एकच, मग काही दिवस खंड आणि पुन्हा पहिल्यापासून. असं वेळापत्रक माणसाचं नसतं, चंद्राचं असतं. होडी ओहोटीवर सोडलेली आहे; भरतीवर फोन बंद ठेवून ती परत जाते. पंचमी-षष्ठीला इथली ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला लागते. पुढे ती सरकत सरकत दहाच्या पलीकडे गेली की बोनसची वेळ हुकते."

"पण वल्हवत का नाही?" सोनलने विचारलं.

"हात मोकळे लागतात म्हणून. ड्रायव्हरचे फोन एका बाजूला, गिऱ्हाइकांचे दुसऱ्या. इथे बुकिंग करायचं, तिथे घ्यायचं, इथला ओटीपी तिथे टाकायचा, थोडं पुढे गेलं की फेरी संपवायची. म्हणजे माणूसही एकच. तुमची सिस्टीम काय पकडते आणि काय नाही हे ठाऊक असलेला. आणि ओहोटी जेवढी उशिरा, तेवढा ऑफिसला उशिरा पोचणारा."

"करिश्मा?" सोनल म्हणाल्या. राघो मात्र पुढे झाला. "नाय नाय. ती ते ऑफिसच्या कम्प्युटरवर करते. आमाला तसंच बोलली. जुने फोन दे, पाकिटं आन, आनि सकाळी झोप, बोलली."

"तुमच्याकडे होडी होती ना, राघोभाऊ?"

"बापाची. कुजली असंल ती."

वळणावरून काहीतरी काळं पुढे आलं. आधी सर्वेशला ओंडका वाटला. मग दिसलं, होडी होती. आवाज नाही, वल्ह्याची चाहूल नाही. दोन्ही काठांना ओळीने टांगलेली पाकिटं आणि प्रत्येकात उजळलेला पडदा. मधे करिश्मा उभी होती. बोटं एका पडद्यावरून दुसऱ्यावर जात होती, मान वरही होत नव्हती. अख्खी खाडी तिला उचलून आणत होती. वीस गाड्या तिच्याभोवती तरंगत येत होत्या.

ह्युबर्टने छातीवर क्रूस काढला. गुन्हा बघायला आलेल्या सोनलही नुसत्या बघत राहिल्या.

करिश्माने धक्क्यावरची माणसं पाहिली. ती पळाली नाही. पाण्यावर पळणार कुठे.

"फेऱ्यांचं टार्गेट वाढवू नका, असं मी तीनदा लिहून दिलेलं, मॅडम," होडीतूनच ती म्हणाली. "पप्पांचा हात तुम्ही बघितलाय. बाकीचे पण चालवता चालवता झोपायचे. म्हणून म्हटलं, झोपू दे त्यांना."

"तुझी नोकरी मला वाचवता येणार नाही," सोनल म्हणाल्या. "ड्रायव्हरांच्या आयडींचं बघते. ही सकाळची योजनाच बंद करायला सांगते. त्याचं कारण मीच लिहून देईन."

उत्तराताईंचं काम संपलं होतं.

होडी धक्क्याला लागत नव्हती. ओहोटी तिला पुढे ओढत होती आणि करिश्मा बांबूने तळ शोधत होती.

"तिला पान्यात पवता येत नाय," राघो हळूच म्हणाला. कोणाला सांगितल्यासारखं नाही, आत्ताच आठवल्यासारखं.

मग तो कपड्यांनिशी पाण्यात उतरला. गुडघे, कंबर, छाती. वाकडा हात वर धरून, चांगल्या हाताने त्याने होडीचा काठ पकडला आणि पाठ पाण्याला लावून उभा राहिला.