आंबटच आहेत अजून

काकडीच्या लोणच्याच्या बरण्या होत्या त्या. आणि पोरगी त्या एकेक करून द्राक्षाच्या वेलींना बांधत होती.

इंगुस नदीपलीकडून येत होता, पाठीवर रोपांची टोपली. शेजारच्या वेल्ताबाईच्या टेकडीवरनंच ती पायवाट जाते. बरण्या बघितल्या आणि गडी वाटेतच थबकला. मी खाली बांधाजवळ ट्रॅक्टरच्या पोटाखाली पाना घेऊन उताणा पडलो होतो. त्यांना मी दिसत नव्हतो, पण मला सगळं ऐकू येत होतं.

आता पोरीची काही चूक नव्हती म्हणा. आमच्याकडं बर्फ वितळायला लागलं की अख्खं गाव बर्चच्या झाडाला भोक पाडून प्यायला पाणी काढतं आणि काढून झालं की भोकाला खुंटी मारून वर मेण लावतं. नाहीतर झाड गळून गळून मरतं, असं आमच्या आयांनी आम्हाला शिकवलेलं. पोरीनं वेलींची छाटणी केली उशिरा, एप्रिलात. प्रत्येक काडीच्या टोकातनं टपटप पाणी सुरू. तिला जे येत होतं ते तिनं केलं. निम्म्या वेलींना बरण्या, निम्म्यांना मेण.

"काय हो," इंगुस म्हणाला, "दूध किती देते?"

"कोण?"

"ही वेल. धार काढताय ना?"

ती फिरली. केसांत मेण, नाकाला चिखल. "हसताय काय? मरतायत त्या! सकाळपासनं रडतायत."

"रडतात, पण मरत नाहीत. काडीवरचे डोळे फुटेपर्यंत चालतं ते. दरवर्षीचंच आहे."

"फारच कळतं तुम्हाला वेलींच्या मनातलं."

"वेलींचं कळतं..." तो जरा अडखळला. "माणसांच्या मनातलं विचारू नका."

"मग हे प्या." तिनं एक बरणी सोडून त्याच्या हातात दिली.

प्यायला की लेकाचा! घटाघटा.

"कसं आहे?"

"पाण्यासारखं."

"एवढं ज्ञान आणि शेवटी पाण्यासारखं? काहीतरी चांगलं बोला की."

"थंड आहे," तो म्हणाला, आणि ती हसली. मी ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या स्वतःलाच म्हणलं, झानिस, आज ह्या टेकडीवर काहीतरी सांडलं, आणि ते वेलीचं पाणी नव्हे.

पोरीचं नाव आग्निया. वेल्ताबाई तिची मावशी, माझी चाळीस वर्षांची शेजारीण. हिवाळ्यात गेली बिचारी. आग्निया आयर्लंडात मशरूमच्या शेडमध्ये कामाला होती, मातीला आली आणि राहिली. टेकडी घ्यायला एक जण टपलेलाच होता, त्याला तिथं नाताळची झाडं लावायची होती. पण आग्निया माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "झानिसकाका, एक पीक बघते. मावशीच्या ह्या द्राक्षांची प्यायजोगी वाईन झाली तर मी राहीन. नाही झाली तर नोव्हेंबरात, मार्तिनच्या सणानंतर परत जाईन. तिकडं जागा तोवर ठेवतायत माझी."

"आणि कुणी ठरवायचं प्यायजोगी आहे का ते?"

"मी. खरं खरं ठरवीन."

आमचं गाव एवढंसं. संध्याकाळपर्यंत ही अट दुकानात पोचली, आणि दुकानातनं नदीपार इंगुसकडं.

इंगुस रोपवाटिकावाला. थंडीला न डरणाऱ्या, रोगाला न बधणाऱ्या जातीच्या काड्या लावतो, बाजारात विकतो. तो येत राहिला. कधी सुतळी द्यायला, कधी सुतळी परत न्यायला. टेकडीवर वेली दोन तऱ्हेच्या. खालच्या ओळी झिल्गा जातीच्या, निळ्या. बर्फात उघड्या उभ्या राहतात आणि वसंतात अंग झटकून कामाला लागतात. वरच्या पांढऱ्या, दक्षिणेकडच्या. मोठ्या नाजूक. दर हिवाळ्यात त्यांना तारेवरनं सोडवून जमिनीवर निजवायचं, वर स्प्रूसच्या फांद्यांचं पांघरूण घालायचं. वेल्ताबाईचा जीव त्या पांढऱ्यांवर होता.

"ह्या काढून टाका," इंगुस म्हणाला. "पाऊस झाला की रोग धरतात. झिल्गा लावा सगळीकडं."

"मावशीनं लेकरासारख्या वाढवल्यात त्या."

"लेकरं आजारीच राहिली तर..."

"तर काढून टाकतात का हो तुमच्याकडं?"

हिच्याशी बोलताना त्याचं असंच व्हायचं. निम्मं वाक्य बोलायचा, उरलेलं गिळायचा.

मग यानीचा सण आला. जूनमधला सगळ्यात लांब दिवस, अंधार म्हणून पडतच नाही. माझ्या अंगणात शेकोटी, शहाजिऱ्याचं चीज, बियर, बाप्यांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, बायकांच्या डोक्यावर फुलांचे. आणि आमची रीत अशी की बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि गाण्यातनं एकमेकांची उणी काढायची. राग धरायचा नाही. फक्त गाण्याला गाण्यानंच उत्तर द्यायचं, नाही आलं तर हरलात. बायकांनी इंगुसलाच धरलं.

"नदीपल्याडचा इंगुस बाई, झुडपांशी बोलतो गोड,
पोरगी दिसली समोर की त्याच्या जिभेला येतो फोड!"

आम्ही बाप्ये त्याला ढोसतोय, अरे दे की उत्तर! त्यानं तोंड उघडलं, मिटलं. कान शेकोटीसारखे लाल. आणि तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनंच एक आवाज चढला. आग्नियाचा.

"झुडपांशी बोलेल नाही तर काय, झुडपं ऐकून घेतात,
तुमच्यासारख्या साळुंक्या मधेच चोच खुपसतात!"

काय गलका झाला म्हणता! बायका तिला फितूर म्हणून ओरडायला लागल्या, कुणीतरी तिच्या मुकुटातली फुलं उपटली. ती हसत हसत आमच्या बाजूला येऊन इंगुसशेजारी बसली.

"तुम्ही... माझ्या बाजूनं गायलात?"

"तुम्ही काय तुम्ही? तुझ्यापायी माझ्या माणसांनी मला हाकललं, आता तरी तू म्हण."

"तू," इंगुस म्हणाला. एवढंच. पण असं म्हणाला की मी उगाच उठून शेकोटीत लाकूड घालायला गेलो. लाकूड भरपूर होतं.

जुलैत पावसानं धरलं ते सोडेचना. बारीक, चिवट, छत्रीलाही न जुमानणारा. इंगुस म्हणाला होता तसंच झालं. वरच्या पांढऱ्या वेलींच्या पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि मणी तपकिरी होऊन सुरकुतले. खालच्या झिल्गाला काहीसुद्धा नाही, हिरवीगार, पाऊस अंगावरनं ओघळून जातोय.

आग्निया चिखलात गुडघ्यावर बसून रोगट पानं तोडत होती. रडत होती का पावसानं भिजली होती, सांगता येत नव्हतं. इंगुस आला. मी म्हणलं, आता हा म्हणणार, सांगितलं नव्हतं मी? पण हा गडी टोपली ठेवून ओळीच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसला आणि पानं तोडायला लागला.

"उपयोग होईल का रे ह्याचा?" तिनं लांबनं विचारलं.

"नाही."

"मग कशाला तोडतोयस?"

"तू तोडतेयस म्हणून."

अंधारून येईपर्यंत बसली होती दोघं. पांढरं पीक गेलं ते गेलंच. आता तिची सगळी मदार खालच्या निळ्या ओळींवर.

झिल्गा ऑगस्टातच काळीनिळी झाली. पण रंग आला म्हणजे गोडी आली असं नसतं, ते मलाही माहीत आहे. म्हणून रोज इंगुस येणार, एक मणी तोंडात टाकणार, डोळे मिटणार, तोंड वाकडं करणार. "आंबटच आहेत अजून."

"किती दिवस?"

"बघू... चार-पाच."

चार-पाच झाले. परत मणी, परत तेच तोंड. "अजून थोडं."

सप्टेंबर निम्मा सरला. एकदा जाता जाता मी एक घड तोडला आणि खाल्ला. मध होता, मध! बोटं चिकटली माझी. तसाच नदीवर गेलो, इंगुस होडी बांधत होता.

"काय रे ए, जीभ गहाण ठेवलीस का कुठं? कोल्ह्याला मिळत नाहीत म्हणून आंबट असतात हे ऐकलंय मी. तुझं काय?"

त्यानं मारलेली गाठ सोडून परत मारली.

"काका, तोडणी झाली की ती वाईन करणार. वाईन झाली की ती ठरवणार. द्राक्षं आंबट आहेत..." त्यानं पाण्याकडं बघितलं, "तोवर ती इथं आहे."

"आणि साळुंक्यांनी खाल्ली म्हणजे?"

साळुंक्या तर आल्याच होत्या. थव्यानं, ढगासारख्या. जुन्या जाळ्यांना भोकं, पोरगी थाळी बडवत ओळीतनं पळतेय, आणि हा शहाणा तिच्या मागनं दुसरी थाळी बडवत पळतोय. मी सांगणार होतो तिला, देवाशपथ सांगणार होतो. पण दोघं थाळ्या टाकून धापा टाकत बांधावर बसायची, हसायची, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटी थंडीनंच निकाल लावला. रेडिओवर सांगितलं, कडक दहिवर पडणार. दुसऱ्या दिवशी गाव गोळा झालं. आमच्यात असं काम आलं की शेजारी बोलावणं न करता येतात, बादली आपली आपण आणतात, मालकानं फक्त जेवू घालायचं. निम्मे घड चोचींनी फाटलेले, काही मनुक्यासारखे सुकलेले. मी एका ओळीत, पलीकडच्या ओळीत ती दोघं. पानं गळालेली, आवाज आरपार येत होता.

"इंगुस, हा खा." तिनं मणी पुढं केला. "आंबट आहे का?"

कात्रीचा आवाज थांबला.

"नाही," तो म्हणाला. "आंबट नाही. केव्हाचेच नाहीत. मी खोटं बोललो आग्निया. तुझं अर्धं पीक मी पाखरांना चारलं."

"का पण?"

"तू... तोडलीस की जाशील, म्हणून."

तिनं एक घड कापून बादलीत टाकला. मग ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"मी रोज सकाळी खात होते रे, बावळटा. मला काय जीभ नाही?"

"मग तोडली का नाहीस?"

"तू रोज येत होतास ना."

इथं माझ्या हातातनं बादली सुटली. गडगडत खाली. "झानिसकाका!" दोघं एकदम ओरडली. मी म्हणलं, मी बहिरा आहे, चालू द्या तुमचं.

पण अट अजून उभी होती. आग्निया शब्दाची पक्की, मावशीवर गेलेली. आणि उशिरा तोडलेल्या, पाखरांनी फोडलेल्या द्राक्षांची वाईन कशी व्हायची?

मार्तिनच्या सणाला माझ्याकडं हंस भाजला होता, आंबवलेली कोबी होती. आग्नियानं वाईनचा कॅन आणला, तिघांना ओतलं. रंग छान, गडद. मी एक घोट घेतला आणि काय सांगू, कानाच्या पाळ्या वळल्या. निम्मा शिर्का आणि वर ओल्या कुत्र्याचा वास. मी म्हणलं, "हंस छान झालाय."

आग्नियानं ग्लासाला अजून हात लावला नव्हता. ती इंगुसकडं बघत होती. "तू सांग. कशी आहे?"

आता ह्या पोराला एक शब्द बोलायचा होता. चांगली आहे, एवढंच. महिनाभर खोटं बोललेला माणूस, आणखी एकानं काय बिघडणार होतं? मी टेबलाखालनं त्याला लाथसुद्धा मारली.

"वाईट आहे," इंगुस म्हणाला. "प्यायजोगी नाही. आणि चूक माझी आहे, वेलींची नाही. तुला जायचं असेल तर... स्टेशनवर मी सोडीन."

आग्नियानं ग्लास उचलला. एक घोट घेतला, डोळे बारीक केले. मला वाटलं ठेवणार. ठेवला नाही. दुसरा घोट, तिसरा. गळा वर-खाली होतोय, खांदे शहारतायत, डोळ्यांतनं पाणी वाहतंय, आणि पोरगी पितेय. तळापर्यंत. ग्लास उलटा करून दाखवला आम्हाला, एक थेंब पडला नाही.

"ठरवणारी मी आहे ना?" ती म्हणाली, तोंड पुसत. "प्यायजोगी आहे."

मग तोच ग्लास परत काठोकाठ भरला आणि इंगुसपुढं सरकवला.

"आता तू."